कावळ्याला काय सांगितलंस

उमापूर, ता. गेवराई
७ सप्टेंबर २०२५

अभिमन्यू,

शेवटचा भाग बघितला. परवा आला, काल बघितला, आणि तेव्हापासून घरात कुणाशी धड बोललेले नाही. सासूबाईंनी सकाळी विचारलं, "कावून गं तोंड फुगवून बसलीस? म्या काई बोलले का?" आता त्यांना काय सांगणार, की जपानच्या कार्टूनमधल्या एका पोरानं बहिणीच्या तोंडावर दार लावलं म्हणून सुनेच्या हातून वरण करपलं.

चिरंजीव, अनेक आशीर्वाद वगैरे लिहिलेलं नाही, कारण मेलेल्या बाईचे आशीर्वाद लागतात की नाही मला माहीत नाही. मे महिन्यात तुम्ही नदीवर जाऊन माझा दहावा घातलात, त्या भटजींना विचारून कळव. फोन केला असता, पण अण्णांनी, आपल्या जन्मदात्या बापानं, चार माणसांत तुझ्याच हातानं माझा नंबर ब्लॉक करायला लावला आणि तू तो केलास. म्हणून पत्र. तुझ्या बीडच्या खोलीचा पत्ता माझ्या लक्षात आहे. ती खोली मीच पसंत केली होती. तुला खिडकी पाहिजे होती आणि अण्णा म्हणत होते, पोलीस भरतीचा अभ्यास करायला खिडकी कशाला लागते.

तर आपली मालिका, 'वेस'. तिचं जपानी नाव आपल्याला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही, म्हणून आपणच ठेवलेलं नाव. नांदूरघाटच्या घराच्या गच्चीवर एक मोबाइल, एकेका कानात एकेक इयरफोन, आणि शेजारी तुरी निवडत बसलेली आई. खालच्या इंग्रजी ओळी तू तिला मराठीत सांगायचास आणि ती प्रत्येक माणसाला बघून एकच विचारायची, "ह्यो जित्ता हाय का मेलाय?" चार वर्षं बघितली आपण. जगभर मुडदे उठलेत, एक गाव तेवढं भिंत बांधून वाचलंय, भिंतीला एक वेस, आणि गावाचा कारभारी म्हणजे सायो आणि हारू या बहीण-भावाचा बाप. सायो खालच्या वस्तीतल्या गाडीवानाला आणायला वेशीबाहेर गेली. बापानं घंटा वाजवून जाहीर केलं की ती चावली गेली, म्हणजे मेली. तिच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. कुणी बघायलाही गेलं नाही. तू तेव्हा गच्चीवर उठून उभा राहिला होतास. म्हणाला होतास, "हारू तिला आत घेतो बघ, ताई. न्हाई घेतलं तर मी मालिका सोडून देतो."

घेतलं नाही त्यानं. ऐक. शेवटच्या भागात सायो वेशीपर्यंत येते. तिच्या पायात एकच जोडा असतो. ती दोन्ही बाह्या वर करून हात दाखवते, बघ, काही नाही, कुठंच काही नाही. आणि वेशीचं चाक हारूच्या हातात. बाप तिथं नाहीये. कुणी बंदूक लावलेली नाही. फक्त मागं गाव उभंय आणि गाव बघतंय. तर हा शहाणा मान खाली घालून, ओठातल्या ओठात 'माफ कर' म्हणतो आणि चाक सोडतो. वेस खाली येते. तिला ते माफ कर ऐकूसुद्धा गेलेलं नसतं.

इथंच थांबले असते तर मी एक वेळ सोसलं असतं. पण नाही. दहा वर्षांनंतरचं दाखवलंय. हारू कारभारी झालाय, त्याला दाढी आलीय, तो भिंतीवर उभा राहून दुःखी-बिःखी चेहरा करून खाली बघतो, आणि खाली मुडद्यांच्या गर्दीत सायो. डोळे पांढरे झालेली. सारंगीसारखं काहीतरी वाजतं आणि संपलं.

मला सांग, ती मुडदा का झाली? कुणी केलं तिला? चार वर्षं बाहेर एकटी जगलेली मुलगी, तिला मुडद्यांनी चावलं नाही, ते लिहिणाऱ्यांनी चावलं. कारण ती जिवंत राहिली असती तर हारू चुकला असता. भाऊ चुकला नाही हे दाखवायला त्यांनी बहिणीला मारून टाकलं. करून सवरून नामानिराळा तो, आणि वरून सारंगी त्याच्यासाठी.

खाली लोकांनी लिहिलंय, डोळ्यांत पाणी आलं, बिचारा हारू. बिचारा. मी पण लिहिलं, मराठीत लिहिलं, आणि जे लिहिलं ते इथं लिहिता येणार नाही. तुला काय वाटलं ते कळव. तू बघितला असशीलच.

शिवकन्या


उमापूर
१६ सप्टेंबर २०२५

अभिमन्यू,

उत्तर नाही. ठीक आहे. हे रजिस्टर करतेय, म्हणजे मिळालं नाही असं म्हणता येणार नाही.

काल अविधवा नवमी झाली. सवाष्ण गेलेल्या बायकांचं पान वाढतात ती. आमच्या गल्लीत दोन घरी पानं होती आणि मी एका घरी पुऱ्या लाटायला गेले होते. लाटता लाटता मनात आलं, आपल्या घरी माझं पान वाढलं असेल का? मग आठवलं, बॅनरवर तुम्ही 'कै. कु.' छापलंय. कुमारी मेले मी. म्हणजे परमेश्वरबरोबर लग्न केलं म्हणून मारलंत, आणि मारल्यावर लग्न झालंच नाही असं ठरवलंत. दोन्हीकडून माझं पान गेलं.

बॅनर बघितला मी. मोबाइलवर सगळ्या जिल्ह्यात फिरला तो. खाली शोकाकुलांचे फोटो माझ्याहून मोठे, त्यातले अर्धे गॉगल लावून शोक करतायत. अमरसिंहाचाही फोटो आहे, ज्याच्याशी अण्णांनी माझं परस्पर ठरवलं होतं. त्याला कसला शोक, ते त्यालाच ठाऊक. आणि माझा फोटो कुठला घेतलात? गच्चीवरचा. तो फक्त तुझ्या मोबाइलात होता, अभि. दुसऱ्या कुणाकडे नव्हता. तुझा चेहरा कापलाय, पण डाव्या बाजूला तुझा खांदा राहिलाय, तो निळा टीशर्ट. भावपूर्ण श्रद्धांजली माझी आणि तुझ्या खांद्याची.

माझा दहावासुद्धा बघितला. कुणीतरी स्टेटसला ठेवला होता, तो फिरत फिरत परमेश्वरच्या दुकानात आला. लोकांचे मोबाइल दुरुस्त करता करता त्याला बायकोचा दहावा सापडला. तो मला दाखवणार नव्हता, मीच हातातून घेतला. नदीच्या काठी मंडप काय, खुर्च्या काय, अण्णांच्या सभेला येतात तेवढी माणसं. अण्णा पांढऱ्या कपड्यांत. तू डोकं भादरून. तुझ्या डोक्याला मागं खोक आहे ती लहानपणी माझ्याच हातून पडली, ती लांबूनसुद्धा दिसत होती.

आणि पिंडाशेजारी माझ्या आवडीचं म्हणून ठेवलंत काय, तर बुंदीचा लाडू. जन्मात मी बुंदी खाल्लेली नाही. भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा एवढं साधं कुणाला आठवलं नाही? आईला तरी आठवायला पाहिजे होतं. तुझा आला तेवढा राग मला अण्णांचाही आला नाही, आणि आईचा मात्र तुझ्याइतकाच आला.

कावळा शिवेना. बरोबर आहे, कशाला शिवेल? मी इथं लसूण सोलत होते. कावळे झाडावर बसून बघतायत, माणसं उन्हात घामाघूम झालीत, चुलते पुढं येऊन हात जोडतायत, काय काय कबूल करतायत. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून तसं वचन दिलं की कावळा येतो म्हणतात. अण्णा स्वतः पुढं आले, काहीतरी बोलले, तरी नाही. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले होते. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चार माणसांत जित्या पोरीनं त्यांचा पचका केला असता.

आणि मग तू उठलास. पिंडापुढं गेलास, वाकलास, ओठ हलवलेस, आणि कावळा आला. लाडवासकट उचलून घेऊन गेला.

मी तेवढा तुकडा किती वेळा बघितला असेन. मोठा करून बघितला, आवाज चढवून बघितला. वाऱ्याचा आवाज येतो आणि भटजींचा. तुझं काही ऐकू येत नाही. कावळ्याला काय सांगितलंस, अभि? एवढंच विचारायला हे पत्र. अण्णा बसले होते पोटच्या पोरीला मारायला आणि त्यांना जमत नव्हतं. तू दोन शब्द बोललास आणि मी मेले. ते दोन शब्द कुठले, ते कळायचा मला हक्क आहे की नाही? 'तिचं नाव काढणार नाही' म्हणालास? 'मी तुमच्या मनाप्रमाणे वागेन' म्हणालास? कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही, आणि कावळा शिवला म्हणून बाईही मरत नाही, हे मला कळतं. तरी त्या दिवसापासून खिडकीत कावळा बसला की मी त्याला हाकलते. परमेश्वर हसतो. मला हसू येत नाही.

कै. कु. शिवकन्या


उमापूर
१० ऑक्टोबर २०२५

अभिमन्यू,

रजिस्टर परत आलं. 'घेण्यास नकार.' पोस्टमननं ते सगळ्या गल्लीसमोर माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "भावाचंच हाय नव्हं पत्र? मंग घेतलं कावून न्हाई?" मी म्हणाले, पत्ता चुकला असेल. तुझ्यासाठी खोटंही बोलले मी.

आता मला शेवटच्या भागाचा राग राहिलेला नाही. त्या लिहिणाऱ्यांना माणसं नीट कळतात, माझंच चुकलं. मला वाटलं होतं की हारू वेगळा निघेल. तो पहिल्या भागापासून तसलाच होता. चांगला होता, रडायचा, बहिणीच्या मागं मागं फिरायचा, आणि बाप खाकरला की गप्प व्हायचा. सगळं दाखवलं होतं त्यांनी. आपण दोघंच वेड्यासारखे वाट बघत बसलो.

हे शेवटचं पत्र. भाऊबीज तेवीसला आहे. सासूबाई म्हणतात, भाऊ येत नसंल तर चंद्राला ओवाळायचं. मला ते जमणार नाही. चंद्राशी माझी काही ओळख नाही. मी त्या दिवशी कापूस वेचायला जाणार आहे, आणि कुणी विचारलं तर सांगणार आहे की मला भाऊ नव्ह


उमापूर
११ ऑक्टोबर २०२५

अभि,

पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'यात शेवट सांगितलेला नाही.' म्हणजे तू हे उघडलंयस. वाच, घाबरू नकोस. 'वेस'च्या गोष्टीबद्दल यात एक अक्षर नाही.

काल मी तुला शेवटचं पत्र लिहीत होते. एक शब्द अर्धा राहिला आणि दारात छबू आत्या. हातात पिशवी, घामानं भिजलेली. नांदूरघाटहून उमापूरपर्यंत एस्टी बदलत बदलत आली होती, अण्णांना डोळे दाखवायला बीडला जाते असं सांगून. आल्या आल्या माझ्या दंडाला धरून पुढून बघितलं, मागून बघितलं. म्हणाली, "तुझ्या आईनं सांगितलंय, हात लावून बघून ये. नुसतं बघून येऊ नगं."

मी म्हणाले, आईला सांग, बुंदीचा लाडू पोचला. आत्यानं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुझ्या आईनं त्या दिशी चूल पेटवली न्हाई. लाडू दुकानातून आनलाय. तुझा बाप म्हनला, पोरीच्या आवडीचं काय आसंल ते कर. तर सगळ्यांच्या देखत म्हनली, म्या जित्या लेकीचा घास कावळ्याला वाढनार न्हाई. नदीवर पन आली न्हाई."

तू हे मला का सांगितलं नाहीस? पाच महिने मी त्या बाईवर राग धरून बसले. सगळ्यांच्या देखत म्हणाली, अभि. जी बाई अण्णांसमोर कधी खुर्चीवर बसली नाही, ती.

मग मी आत्याला ते विचारलं. ती तुझ्या शेजारी उभी होती, हे मी मोबाइलवर बघितलं होतं. आत्यानं आधी पाणी मागितलं. मग सांगितलं. "मला आईकू आलं, पन काई उमजलं न्हाई. ह्यो वाकला आन् म्हनला, ताई, शेवटचा एपिसोड तुझ्याबिगर बघनार न्हाई. आन् कावळा आला की. मला वाटलं, काई मंत्र हाय."

मी हसले, अभि. आत्या घाबरली इतकी हसले, आणि मग जे रडू आलं ते सासूबाईंनी येऊन पदरानं तोंड पुसेपर्यंत थांबलं नाही. आणि मग मला इतका संताप आला की आत्याच्या हातातला तांब्या मी आपटला. त्याला पोचा आलाय. येशील तेव्हा बघ.

संताप का ते ऐकून घे. तुला माहीत होतं. माझा जीव कशात अडकलाय हे त्या सगळ्या मंडपात तुला एकट्याला माहीत होतं. म्हणजे मी जिवंत आहे, उमापुरात आहे, मोबाइल हातात घेऊन शेवटच्या भागाची वाट बघतेय, हे तुला पक्कं माहीत होतं. आणि तरी तू डोकं भादरलंस. तरी गच्चीवरचा फोटो काढून दिलास. आणि जे बोलायचं होतं ते कावळ्याला बोललास, तेही ओठातल्या ओठात. कावळ्यानं ऐकलं, आत्यानं ऐकलं, माझ्यापर्यंत यायला ऑक्टोबर उजाडला. ते मोठ्यानं बोलला असतास तर काय झालं असतं? अण्णांनी मारलं असतं. मग खायचा मार. मी नाही खाल्ला?

आत्या म्हणाली, माझं पहिलं पाकीट तुझ्या गादीखाली आहे. पहिली ओळ वाचलीस आणि घडी घातलीस. दुसरं घेतलंच नाहीस, त्यातही मी शेवट सांगेन म्हणून. खोलीतली पोरं त्या मालिकेवर बोलायला लागली की तू उठून बाहेर जातोस, भरतीची तयारी सोडून चौकात उभा राहतोस. मूर्खा. मी पाच आठवडे तुझ्या गप्प बसण्याचा काय काय अर्थ लावला आणि तू तिकडं वचन पाळत बसला होतास. कावळ्याला दिलेलं वचन पाळायचं आणि बहिणीचं पाकीट पोस्टमनला परत द्यायचं, हे फक्त आपल्याच घरातल्या माणसाला सुचू शकतं.

मी आत्याला म्हणाले, एवढं होतं तर तो आला का नाही? इथं काय वाघ बसलाय? ती म्हणाली, "तोंड दाखवायची लाज वाटती त्याला. लई वाटती. म्हनतो, ताईनं मागं माझ्या टकलाचा फोटो बघितला आसंल." बघितला. पण आता केस आले असतील. आता ती सबब चालणार नाही.

आता नीट वाच. तेवीस तारखेला, गुरुवारी भाऊबीज. दिवाळी झाली की सासू-सासरे ऊसतोडीला कारखान्यावर जातील, त्याआधी ये. सासूबाई म्हणाल्यात, "येऊ द्या की त्याला, त्याच्या वाटनीची करंजी राखून ठिवते." परमेश्वर गेवराईच्या स्टँडवर घ्यायला येईल. त्याला दाजी म्हणायचं. तोंडातल्या तोंडात नाही, स्टँडवरच्या माणसांना ऐकू जाईल असं.

गादीखालचं पाकीट घेऊन ये, पण उघडू नकोस. त्यात मी काय लिहिलंय ते विसरून जा म्हणण्याचीही सोय नाही, कारण तू वाचलेलंच नाहीस. इथं चुलीत घालू. आणि मी शेवटचा भाग बघितलेला नाही, असं धरून चाल. मी पण धरीन. आमच्याकडं गच्ची नाही, पत्रा आहे, अंगणात बसू. इयरफोनचा डावा तुझा. आत्याला मी सांगितलंय, आईला एवढंच सांग की त्या दिवशी अभिला घराबाहेर काढायचं काम तिचं. पुढं तिला स्वतःला यायचं असेल तर तुरी इथंही आहेत निवडायला.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. शेवटची दहा मिनिटं मी मोबाइलकडे बघणार नाही. तुझ्याकडे बघणार आहे. का, ते तुला तेव्हा कळेल, आणि कळल्यावर तू काय बोलतोस, ते मला ऐकायचंय. सासू-सासऱ्यांसमोर, दाजींसमोर, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. काही बोलला नाहीस तर एस्टी आहेच परतीची.

आत्या पिशवी घेऊन उठलीय. वाटेत बीडला उतरून हे ती स्वतः तुझ्या हातात देणार आहे. तिला नकार देऊन बघ.

तुझी ताई,
जित्ती